तनुजा, बंगाली पडदा आणि घरचा वारसा: घरातून किती येते आणि स्वतः किती कमवावे लागते?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. 'देया नेया' हा १९६३ चा बंगाली चित्रपट नुकताच पाहिला. नायक उत्तमकुमार आणि नायिका आपल्या तनुजा. ही मुलगी मुंबईच्या मराठी घरातली आहे हे मला ठाऊक होते, तरी चित्रपट संपेपर्यंत त्याची आठवण एकदाही झाली नाही. तिचे चिडणे, हसणे, वाक्याच्या शेवटी मान किंचित वळवणे हे सारे तिथलेच वाटत होते.

घर पाहिले तर पडद्याचा वारसा सगळ्या बाजूंनी आहे. आजी रतनबाई अभिनेत्री आणि गायिका, आई शोभना समर्थ, वडील दिग्दर्शक कुमारसेन समर्थ, थोरली बहीण नूतन आणि नात्यात नलिनी जयवंत. आईनेच काढलेल्या 'हमारी बेटी'मध्ये (१९५०) तनुजा बालकलाकार म्हणून दिसल्या. मधल्या काळात त्या स्वित्झर्लंडमधील शाळेत इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन शिकल्या आणि परतल्यावर आईच्याच 'छबीली'मधून (१९६०) नायिका झाल्या. इथपर्यंतचा रस्ता घराने आखून दिला होता, यात वाद नाही.

माझा प्रश्न पुढचा आहे. हिंदीत नुकता जम बसत असताना ही मुलगी कोलकात्याला जाते, तिथल्या सर्वांत मोठ्या नटासमोर उभी राहते आणि पुढे अनेक वर्षे तिथल्या प्रेक्षकांची लाडकी राहते. शोभना समर्थांची मुलगी या ओळखीचा तिथे कितीसा उपयोग झाला असेल? परक्या भाषेत एखादा कलाकार रुजतो तो घरच्या संस्कारांमुळे, की त्या भाषेसाठी घेतलेल्या कष्टांमुळे? ज्यांनी तनुजा यांचे बंगाली काम पाहिले आहे आणि ज्यांना अशी इतर उदाहरणे माहीत आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे.

जुनीतबकडी

विषय आवडला. माझे मत घराच्या बाजूने आहे. 'हमारी याद आएगी'च्या (१९६१) चित्रीकरणाचा किस्सा तनुजा यांनी स्वतः सांगितलेला आहे. रडण्याच्या प्रसंगात त्यांना सारखे हसू येत होते. दिग्दर्शक केदार शर्मा यांनी त्यांना थप्पड मारली. तनुजा रडत घरी गेल्या आणि आईकडे तक्रार केली, तर आईनेही एक थप्पड दिली आणि त्यांना परत सेटवर आणून सोडले. ज्या घरात काम हे काम असते, तिथल्या मुलांना शिस्तीचा वेगळा धडा द्यावा लागत नाही. ही शिस्तच पुढे परक्या शहरात उपयोगी पडते.

अबोली

जुनीतबकडी, तुमचा आदर राखून असहमती नोंदवते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला दोन मोठ्या माणसांनी मारले, याला आपण संस्कार म्हणू नये. तनुजा यांनी तो प्रसंग हसत सांगितला असेल, तो त्यांच्या मनाचा मोठेपणा झाला. अभिनय भीतीतून येत असता तर पुढच्या पंचवीस वर्षांतील त्यांच्या कामात जो मोकळेपणा दिसतो, तो कुठून आला असता? घराने दिले असेल ते वेगळेच काहीतरी आहे. कॅमेऱ्यासमोर उभे राहणे ही काही विशेष गोष्ट नाही, अशी सवय. आई, बहीण, आजी सगळ्याच त्या उजेडात वावरलेल्या, त्यामुळे बुजणे ठाऊकच नसावे.

गंगाकाठ

निळीशाई, लग्नानंतर माझे वास्तव्य कोलकात्यात आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. माझ्या सासूबाई उत्तमकुमार यांच्या निस्सीम भक्त. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी आनंदाने काढलेले पहिले नाव तनुजा यांचे होते, आणि त्यांच्या दृष्टीने मी तनुजांच्या गावची होते. सुरुवातीच्या दिवसांत माझे बंगाली ऐकून त्या सांगत, की तनुजाला जमले, तुलाही जमेल.

त्यांच्याबरोबर बसून मी हे चित्रपट पाहिले. 'देया नेया'त गीत, संगीत आणि गाणारा नायक यांचे महत्त्व मोठे. श्यामल मित्र यांची गाणी आजही इथे घरोघरी म्हटली जातात. पुढे याच कथेवर हिंदीत 'अनुरोध' (१९७७) निघाला. पण सासूबाईंना सर्वांत प्रिय 'अँटनी फिरिंगी' (१९६७). त्यात तनुजा आधी कोठीवरची गायिका असतात आणि नंतर अँटनीची पत्नी निरुपमा. एकाच चित्रपटात दोन प्रकारचे वागणे, दोन प्रकारचे बोलणे, आणि तेही परक्या भाषेत. त्यानंतर सौमित्र चटर्जी यांच्याबरोबर 'तीन भुबनेर पारे' (१९६९) आणि 'प्रथम कदम फूल' हे चित्रपट आले. पहिल्यात त्या शिकलेल्या, ठाम विचारांच्या तरुणीच्या भूमिकेत आहेत आणि वस्तीतल्या टवाळ मुलाला वळण लावतात. या भूमिकेत उच्चार जरा जरी अडखळला असता, तर प्रेक्षकांनी ती बाई शिकलेली आहे हे मान्यच केले नसते.

महत्त्वाचे हे, की या चित्रपटांतील संवाद त्यांनी स्वतःच्या आवाजात म्हटले. बंगाली प्रेक्षक भाषेच्या बाबतीत फार हळवा आहे. आपल्या भाषेत बोलण्यासाठी कोणी झटले की तो त्याला घरात घेतो. शोभना समर्थ हे नाव माझ्या सासूबाईंना माझ्याकडूनच कळले.

पडद्यामागून

गंगाकाठताईंनी शेवटी लिहिलेल्या मुद्द्याला मी माझ्या कामातून दुजोरा देतो. मी मुंबईत डबिंगच्या क्षेत्रात आहे. दुसऱ्या भाषेतील नटासाठी आवाज देताना आम्ही सर्वांत आधी पडद्यावरचे ओठ पाहतो. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात. तिथे भाषांतरातही ओठ मिटणारे अक्षर आले नाही, तर सामान्य प्रेक्षकालाही काहीतरी खटकते, जरी नेमके काय ते त्याला सांगता आले नाही. त्यामुळे वाक्ये पुन्हा पुन्हा बदलावी लागतात. एका छोट्या प्रसंगावर कधी कधी अर्धा दिवस जातो.

पण ओठ जुळवूनही एक गोष्ट हाती लागत नाही, ती म्हणजे श्वास. नट वाक्य सुरू करण्याआधी जो श्वास घेतो, तो त्याला त्या वाक्याचा अर्थ किती कळला आहे यावर ठरतो. संवाद नुसता पाठ केलेला नट चुकीच्या जागी श्वास घेतो, छाती चुकीच्या क्षणी वर येते, आणि मागून कितीही चांगला आवाज दिला तरी ते झाकता येत नाही. निळीशाई यांनी वाक्याच्या शेवटी मान वळवण्याचा जो उल्लेख केला आहे, त्याचे उत्तर इथे आहे. अर्थ कळल्याशिवाय मान त्या क्षणी वळत नाही. हे घराण्याने मिळत नाही. ते त्या भाषेत दिवस काढूनच मिळते.

देवराई

काजोल यांच्या बाबतीत काय म्हणाल? 'मिन्सारा कनवु' (१९९७) हा त्यांचा तमिळ चित्रपट अतिशय गाजला, पण त्यात त्यांना आवाज दिला तो अभिनेत्री रेवती यांनी. आई तनुजा, आजी शोभना, वडिलांकडून निर्माते शशधर मुखर्जींचे घर. यापेक्षा मोठा वारसा कोणाचा असणार? तरीही भाषा उसनी घ्यावी लागली आणि प्रेक्षकांनी ते आनंदाने स्वीकारले.

पडद्यामागून

देवराई, उदाहरण योग्य आहे आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. रेवती स्वतः उत्तम अभिनेत्री असल्यामुळे तो आवाज त्या चेहऱ्याला शोभला. मात्र त्या भूमिकेचे श्रेय दोघींचे आहे, हे आपण नेहमी लक्षात ठेवावे. आवाज देणाऱ्यांची नावे विसरली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मायलापूरकर

चेन्नईहून लिहीत आहे. तनुजा यांच्याही आधी एका मराठी अभिनेत्रीने हा कष्टाचा मार्ग धरला होता, त्यांचा उल्लेख या धाग्यात यायलाच हवा. प्रभातच्या 'कुंकू'मुळे (१९३७) घराघरांत पोहोचलेल्या शांता आपटे यांनी १९४१ साली 'सावित्री' या तमिळ चित्रपटात नायिकेची भूमिका केली. त्याच चित्रपटात नारदाच्या भूमिकेत साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. शांताबाईंनी त्यासाठी तमिळ शिकून घेतले आणि स्वतः बोलल्या. सुब्बुलक्ष्मींच्या शेजारी उभे राहून, त्यांच्या भाषेत, त्यांच्या प्रेक्षकांसमोर! याला केवढे धाडस लागले असेल याची कल्पना करा. शांताबाईंच्या कन्या नयना आपटे यांनीही मराठीबरोबर गुजराती रंगभूमीवर काम केले आहे, म्हणजे त्या घरात भाषा ओलांडण्याची सवय पुढच्या पिढीतही उतरली.

आणि आता या कथेतील दुसरा धागा पाहा. 'सावित्री'चे दिग्दर्शक होते वाय. व्ही. राव. त्यांची कन्या म्हणजे अभिनेत्री लक्ष्मी. आई कुमारी रुक्मिणी, त्याही अभिनेत्री. लक्ष्मी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांत नायिका म्हणून नावाजल्या. १९७४ च्या 'चट्टक्कारी' या मल्याळम चित्रपटातील त्यांची भूमिका इतकी गाजली, की पुढच्याच वर्षी त्याच कथेवरच्या हिंदी 'ज्युली'मध्येही त्यांनाच घेतले. जिथे वडिलांनी एका मराठी मुलीकडून तमिळ बोलवून घेतले, त्याच घरातली मुलगी हिंदीत जाऊन उभी राहिली. मला हे फार हृद्य वाटते.

जुनीतबकडी

मायलापूरकर, 'कुंकू'चा विषय निघालाच आहे तर एक जोडतो. हाच चित्रपट हिंदीत 'दुनिया न माने' या नावाने निघाला. प्रभातमध्ये मराठी आणि हिंदी आवृत्त्या स्वतंत्रपणे चित्रित होत. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटापासून ही पद्धत होती. म्हणजे तोच प्रसंग, तोच सेट, तेच दागिने, आणि एकदा मराठीत बोलून झाले की पुन्हा हिंदीत. दुर्गा खोटे, शांता आपटे यांची पिढी अशी रोजच्या रोज दोन भाषांत अभिनय करत तयार झाली. शोभना समर्थ यांनीही सुरुवातीला 'विलासी ईश्वर' (१९३५) मराठीत केला आणि तोच हिंदीत 'निगाह-ए-नफरत' झाला. विजय भट्ट यांच्या 'रामराज्य'मधील (१९४३) सीतेने त्या देशभर पोहोचल्या. तेव्हा तनुजा जन्मल्या त्या वर्षीच आई सीता म्हणून घरोघरी पूजली जात होती. अशा घरात एकाच भाषेला चिकटून राहणे अवघड होते, असे मला म्हणायचे आहे. म्हणून मी अजूनही घराच्याच बाजूने.

सातेरी

गोव्याहून एक छोटी भर. 'अँटनी फिरिंगी' ज्यांच्यावर आहे ते अँटनी हे पोर्तुगीज वंशाचे, आणि ते बंगालीत कवने रचून जाहीर सामन्यांत गाणारे कवी झाले. म्हणजे परक्या भाषेत जीव ओतणाऱ्या माणसाच्या कथेत त्याची पत्नी झालेली अभिनेत्रीही त्या भाषेत बाहेरूनच आलेली होती. याच चित्रपटासाठी आणि 'चिडियाखाना'साठी उत्तमकुमार यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो त्या विभागातील पहिलाच होता. गंगाकाठताईंच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा, त्यांची निवड अचूक आहे.

गंगाकाठ

सातेरी, सांगितला. त्या म्हणाल्या, की गोव्याच्या मंडळींना इलिश मासा खायला बोलाव, मग बोलू. निमंत्रण नोंदवून ठेवते.

माजघर

मला या चर्चेत नंदा यांची आठवण येते आहे. 'कलावंत घर' म्हटले की आपल्याला सुबत्ता आणि ओळखी दिसतात. त्यांचे वडील मास्टर विनायक १९४७ साली गेले तेव्हा नंदा आठ-नऊ वर्षांच्या होत्या. त्यांनी बालकलाकार म्हणून काम केले ते आवडीपेक्षा गरजेपोटी. त्याआधी दीनानाथांच्या मृत्यूनंतर मंगेशकरांच्या घरात तेच झाले होते, आणि लताबाईंनी विनायकरावांच्याच कंपनीत लहानसहान भूमिका केल्या. या मुलींना वारशात कला मिळाली तशी घर चालवण्याची जबाबदारीही मिळाली. नंदा मराठीत 'कुलदैवत'सारखे चित्रपट करून मग हिंदीत स्थिरावल्या. दुसऱ्या भाषेत जाण्यामागे पोटाचा प्रश्न किती मोठा असतो, याचा विचार आपण करावा. भाषा शिकण्याची हौस ही बऱ्याचदा नंतरची गोष्ट असते.

निळीशाई

माजघर, तुम्ही धाग्याला आवश्यक असे वळण दिलेत. तनुजा यांच्या बाबतीत तसा आर्थिक पेच दिसत नाही, आणि म्हणूनच मला त्यांचे कोलकात्याला जाणे अधिक विचार करण्यासारखे वाटते. हिंदीत त्यांना 'बहारें फिर भी आएंगी' (१९६६), 'ज्वेल थीफ' (१९६७) असे चित्रपट मिळतच होते. गरज नसताना परक्या भाषेत नवशिक्यासारखे पुन्हा उभे राहण्याची तयारी कुठून आली?

चांदणवेल

मला वाटते ती तयारी त्यांच्या अभिनयाच्या जातीतच होती. 'ज्वेल थीफ'मधील 'रात अकेली है' पुन्हा नीट पाहा. आशाबाई आधी कुजबुजतात आणि मग एकदम मोकळ्या आवाजात सुटतात. तनुजा देव आनंद यांच्या कानाशी जाऊन बोलल्यासारखे ओठ हलवतात, आणि आवाज चढतो त्या क्षणी अंग मागे टाकून खोडकर हसतात. आवाज आशाबाईंचा आहे, पण तो चढणार हे तनुजांच्या खांद्यांना आधी कळलेले असते. ज्या अभिनेत्रीला दुसऱ्याच्या गळ्यातले वळण इतके आधी जाणवते, तिला दुसऱ्या भाषेतील वाक्याची चाल पकडायला वेळ लागला नसणार.

'अनुभव'मध्ये (१९७१) तर त्या पूर्ण वेगळ्या आहेत. श्रीमंत घरातील पत्नी एक दिवस सगळ्या नोकरांना निरोप देते, एका जुन्या हरीला तेवढे ठेवते आणि घर स्वतःच्या हातात घेते. चहा करणे, उशा नीट लावणे, नवऱ्याची वाट पाहणे हे सारे त्या इतक्या सहजपणे करतात, की संजीवकुमार यांच्यासारख्या नटासमोरही आपली नजर त्यांच्यावरच राहते.

टोरांटोवासी

बंगालीचे इतके कौतुक झाले, पण मराठीचे काय? या घराण्याने मराठी चित्रपटाला फारच कमी दिले, अशी माझी खंत आहे. नूतन यांचा 'पारध' (१९७७) आणि तनुजा यांचे मोजके चित्रपट. मातृभाषेपेक्षा परभाषेत अधिक काम व्हावे, याचे वाईट वाटते.

अबोली

टोरांटोवासी, खंत समजू शकते, पण दोष कलाकाराचा मानू नये. नटी ज्या चित्रपटात बोलावली जाते, तिथेच जाते. डॉ. श्रीराम लागू यांनी 'झाकोळ' (१९८०) दिग्दर्शित केला तेव्हा तनुजा आल्याच. आणि नितीश भारद्वाज यांचा 'पितृऋण' (२०१३) पाहिला नसेल तर आवर्जून पाहा. सुधा मूर्ती यांच्या कथेवरचा चित्रपट आहे. केशवपन केलेल्या स्त्रीच्या भूमिकेसाठी तनुजा यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर खरोखर डोक्यावरचे केस काढले. ज्या बाईने चाळीस-पन्नास वर्षे सुंदर दिसण्याच्या व्यवसायात काढली, तिने असे करावे आणि पडद्यावर त्याचा जराही गाजावाजा करू नये! मराठीला त्यांनी कमी चित्रपट दिले असतील, कमी प्रतीचे काम मात्र दिले नाही.

जाईजुई

अगदी मान्य. 'पितृऋण'मध्ये त्यांचे मराठी ऐकताना कुठेही हिंदीची सावली जाणवत नाही.

माजघर

वारशाचाच विचार करायचा तर मुळाशी जाऊ. १९१३ साली फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. त्या कमलाबाई गोखल्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. विक्रमजींना 'अनुमती'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या घराच्या पडद्यावरील वास्तव्याला शंभर वर्षे होत आली होती. त्या पहिल्या चित्रपटात मात्र भाषाच नव्हती, मूकपट होता. परक्या प्रांतात ओळख पटवण्यासाठी चेहरा पुरत होता. बोलपट आले आणि मगच हा सगळा प्रश्न उभा राहिला.

मायलापूरकर

माजघर, हा मुद्दा मोलाचा आहे. बोलपट आल्यावर अनेक नामवंत मूकपट नट भाषेमुळे मागे पडले. घर तेच होते, चेहरा तोच होता. उच्चार कमी पडला. यावरून मला तरी निळीशाई यांच्या प्रश्नाचे उत्तर कष्टाच्या बाजूने झुकलेले दिसते.

जुनीतबकडी

मायलापूरकर आणि पडद्यामागून, तुमचे मुद्दे पटण्यासारखे आहेत, पण मी एक गोष्ट सोडणार नाही. कष्ट करायचे हे ठरवायलाही कोणाला तरी पाहिलेले असावे लागते. तनुजा यांनी आईला पाहिले, नूतनला पाहिले. 'सुजाता', 'बंदिनी' करणारी बहीण ज्या घरात जेवायला बसते, त्या घरात अर्धवट काम करून चालेल असे कोणाला वाटेल?

पडद्यामागून

जुनीतबकडी, हे मात्र मनापासून मान्य. नूतनशी तुलना होणार हे ठाऊक असताना हिंदीत उभे राहणे सोपे नव्हते. कदाचित म्हणूनच कोलकाता त्यांना मोकळे वाटले असेल. तिथे त्या कोणाची धाकटी बहीण नव्हत्या.

गंगाकाठ

हे वाक्य वाचून मी काही वेळ थांबले. निळीशाईंच्या मूळ प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे असे मला वाटते. मुंबईत घराची ओळख सावलीसारखी बरोबर असते, मदतही करते आणि झाकूनही टाकते. इथे उत्तमकुमार यांच्यासमोर उभ्या राहिल्या त्या फक्त तनुजा.

आणखी एक सांगते. २०१८ साली परमब्रत चटर्जी यांनी 'सोनार पाहाड़' दिग्दर्शित केला. त्यात तनुजा एकट्या राहणाऱ्या, मुलाशी दुरावलेल्या वृद्धेच्या भूमिकेत आहेत, आणि एका अनाथ मुलाशी त्यांची मैत्री जुळते. सोबत पुन्हा सौमित्र चटर्जी. त्याच्या थोडेच आधी कोंकणा सेन शर्मा यांच्या 'अ डेथ इन द गंज'मध्ये त्या इंग्रजी-बंगाली वळणाच्या कुटुंबातील आजी होत्या. इतक्या वर्षांनंतरही बंगाली दिग्दर्शकांच्या नव्या पिढीला घरातली थोरली बाई म्हणून मुंबईची ही मराठी अभिनेत्री आठवते.

टोरांटोवासी

'सोनार पाहाड़'ची माहिती नव्हती. इथे आमची मुले मराठी समजतात पण बोलायला बुजतात. त्यांना 'पितृऋण' आणि हा चित्रपट एकापाठोपाठ दाखवेन. एकच आजी दोन भाषांत बोलते आहे, हे त्यांनी पाहावे असे वाटते. बंगालीसाठी उपशीर्षके असलेली प्रत कुठे मिळेल, हे गंगाकाठताईंनी कळवावे.

गंगाकाठ

कळवते. मुलांना आधी 'सोनार पाहाड़' दाखवा. त्यातल्या लहान मुलाचे आणि तनुजांचे प्रसंग उपशीर्षकांशिवायही समजतात. 'पितृऋण' जरा मोठ्या मुलांना दाखवा.

निळीशाई

सर्वांचे आभार. शांता आपटे यांचा 'सावित्री', वाय. व्ही. राव आणि लक्ष्मी यांचा दुवा, हे माझ्यासाठी सर्वस्वी नवे होते. माझे मत आता असे बनले आहे, की घराने तनुजांना न बुजणे आणि कामाची उंची दिली, तर बंगालीत बोलणे त्यांनी स्वतः मिळवले. आणि पडद्यामागून यांनी लिहिल्याप्रमाणे त्या मिळवण्यामागे स्वतःच्या नावाने ओळखले जाण्याची ओढही असावी. जुनीतबकडी यांना हे पूर्ण पटणार नाही, त्यांनी पुढे लिहावेच. पुढच्या आठवड्यात मी 'तीन भुबनेर पारे' पाहणार आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनीही पाहावा, म्हणजे त्यातील तिच्या बोलण्यावर आणि पडद्यामागून यांनी सांगितलेल्या श्वासाच्या जागांवर प्रसंगवार बोलता येईल.

जुनीतबकडी

पाहतो. आणि 'छबीली'ही पुन्हा पाहतो, कारण त्यात नूतन यांनी स्वतः गायलेले 'ऐ मेरे हमसफर' आहे. धाकट्या बहिणीच्या पहिल्या नायिकापटात थोरलीचा गळा, हा घराचा पुरावा मी इथे जमा करून ठेवतो.